शीतकपाटात बर्फ होईना, तेव्हा...

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले म्हणजे विषय काहीतरी मोठा असावयाचा, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा कार्यकारिणीने मला बोलावयास सांगितले आणि मी विषय कळविला तो शीतकपाटातील बर्फाचा. ते ऐकून दोघीतिघी हसल्या. "बर्फाचे काय सांगणार? पाणी ठेवावे, दार लावावे, झाले!" असे त्यांचे म्हणणे. पण ऐन मे महिन्यात पाणी ठेवूनही आणि दार लावूनही ज्यांच्या घरी बर्फ धरत नाही, त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला वाटेत गाठून विचारले, "आमच्याकडे पाणी नुसते गार होते हो, गोठत नाही. काय करावे?" आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. हसणाऱ्यांनीही ऐकून ठेवावे. उन्हाळा सर्वांच्याच घरी येतो.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे हा विषय मला का सुचला ते कळेल. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. रोज इन्सुलिन टोचावे लागते, आणि त्याच्या कुप्या शीतकपाटात असतात. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात घरी पाहुणे यावयाचे होते, कोकम सरबताचा बेत होता, आणि ट्रेमध्ये बर्फ धरेना. मी कारण शोधीत बसले नाही. थंडीचा नॉब फिरवला आणि शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. सकाळी बर्फ खडखडीत झाला होता. सरबत झाले, पाहुणे तृप्त झाले, आणि नॉब तसाच राहिला.

आठ-दहा दिवसांनी सासूबाईंना सारखी तहान लागू लागली, थकवा वाटू लागला. तपासणी केली तर साखर चांगलीच वाढलेली. गोडाधोडाचा घास त्यांनी घेतलेला नव्हता. डॉक्टरांनी सर्व विचारले आणि शेवटी विचारले, "इन्सुलिन ठेवता कुठे?" कुपी फ्रीझरच्या अगदी खाली, मागच्या भिंतीला टेकून होती. नॉब शेवटपर्यंत फिरवल्यामुळे तेथील थंडी शून्याखाली गेली होती आणि रात्रीतून औषध गोठले होते. सकाळी मी ती कुपी "फारच गार झाली आहे" म्हणून थोडा वेळ बाहेर ठेवीत असे आणि मग टोचावयास देत असे! गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी त्याच्या गुणाचा भरवसा उरत नाही. ते टाकूनच द्यावयाचे असते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत ठेवाव्यात, आणि त्याही फ्रीझरपासून व मागच्या भिंतीपासून दूर. नवी कुपी आणली आणि सासूबाईंची साखर ताळ्यावर आली. माझ्या मनाला लागलेले मात्र अजून गेलेले नाही.

मूळ दोष किती क्षुल्लक होता, तो पाहा. फ्रीझरच्या तळाशी हिमाचा उंचवटा झाला होता, त्यामुळे ट्रे तिरपा बसत होता आणि तळाच्या थंड पत्र्याला टेकतच नव्हता. हिम काढून तळ पुसला असता तर काम झाले असते. म्हणून आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. बर्फ होईना तर हात आधी नॉबकडे जाऊ देऊ नका, आणि सुरीकडे तर मुळीच नको. आधी पाहावे, मग हात लावावा.

आता बर्फ होतो कसा, हे थोडक्यात पाहू. माठातले पाणी गार का होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाळते, आणि वाळताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. शीतकपाटातही हेच चालते. फरक इतकाच की तेथे पाण्याऐवजी नळ्यांत कोंडलेला एक वायू असतो. तो पातळ होऊन फ्रीझरच्या नळ्यांत येतो, तेथे उकळून वाफ होतो आणि उष्णता शोषून घेतो. मग खालचा कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढे ढकलतो, आणि पाठीमागच्या जाळीतून किंवा नव्या धाटणीच्या कपाटात बाजूच्या भिंतींतून ती उष्णता बाहेर पडते. म्हणजे शीतकपाट थंडी तयार करीत नाही, ते आतली उष्णता बाहेर नेऊन टाकते. बाहेर टाकावयास वाट नसेल तर ते बिचारे आत काय करणार?

दुसरी गोष्ट, पाणी गार होणे आणि पाण्याचा बर्फ होणे यांत फार अंतर आहे. एक किलो पाणी ३० अंशांवरून शून्य अंशावर आणावयाचे तर त्यातून ३० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. पण शून्य अंशाच्या त्याच पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करावयाचा तर आणखी ८० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे पाणी बर्फासारखे गार झाले तेव्हा वाटेचा जेमतेम पाव हिस्सा सरलेला असतो. म्हणूनच कपाटात थोडासा जरी दोष असला तरी दूध नासत नाही, भाजी टिकते, पण बर्फ धरत नाही. डॉक्टर आधी नाडी पाहतात, तशी गृहिणीने ट्रे पाहावा. शीतकपाटाचे दुखणे पुष्कळदा तेथे प्रथम कळते.

आता परीक्षा कशी करावी ते क्रमाने सांगते. हा क्रम मोडू नये, कारण त्यात बिनखर्चाच्या गोष्टी आधी आणि खर्चाच्या शेवटी आहेत.

सर्वांत आधी दोष कपाटाचा की ट्रेचा, हे ठरवावे. फ्रीझरमध्ये मटार किंवा मासळी असेल तर बोटाने दाबून पाहावी. ती दगडासारखी कडक असेल तर थंडी ठीक आहे आणि दोष ट्रेत किंवा पाण्यात आहे. ती मऊ असेल तर दोष कपाटात आहे. बाजारात छोटा तापमापक मिळतो, तो एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवला तर आणखी बरे. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास थंडी असावी आणि खालच्या कप्प्यात ४-५ अंश.

पहिली पायरी विजेची. आपल्याकडे पावसाळ्यात वारा सुटला, तुंगारेश्वरच्या डोंगराकडून ढग उतरले, की वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. रात्री ती दोनतीन वेळा जाऊन आली तर आपणास झोपेत कळतही नाही. यासाठी एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाण्याचा बर्फ करावा, त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यावी. नाणे वर असेल तर सर्व ठीक. ते बुडून तळाशी गोठलेले दिसले तर मधे बर्फ वितळून पुन्हा धरला, असे समजावे. मग मासळी, मटण आणि औषधे यांचा विचार करावा. गावाहून परतल्यावर ही वाटी आधी पाहावी. वीज गेलेली असताना दार उघडझाप करू नये. दार बंद असेल तर खालच्या कप्प्याची थंडी साधारण चार तास टिकते.

विजेचा दाब कमी असेल तर कॉम्प्रेसर 'टक्' करून चालू होऊ पाहतो आणि पुन्हा 'टक्' करून बंद पडतो. घरातले दिवे त्या वेळी मंद असतील तर दोष कपाटाचा नाही, दाबाचा आहे, स्टॅबिलायझर लावावा. दिवे लख्ख असूनही टकटक चालू असेल तर कारागिराला बोलवावे. कपाट बंद करून लगेच चालू करू नये, मधे पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

दुसरी पायरी नॉबची आणि त्यावरील बटणाची. एका दाराच्या पुष्कळ शीतकपाटांत नॉबच्या मधोमध हिम वितळविण्याचे बटण असते. ते दाबले की कॉम्प्रेसर थांबतो आणि हिम वितळल्यावर आपोआप सुरू होतो. घरात लहान मूल असले तर हे बटण केव्हा दाबले गेले हे मोठ्यांना कळत नाही. "काल रात्रीपासून अगदी बंद पडले हो!" अशी तक्रार आली की प्रथम बालगोपाळांची चौकशी करावी. नॉब बहुधा मधल्या आकड्यावर असावा. उन्हाळ्यात एखादा आकडा वाढविण्यास हरकत नाही, पण वाढविल्याची चिठ्ठी दारावर लावावी, आणि घरात इन्सुलिन असेल तर ते त्याच वेळी दाराजवळच्या फळीवर सरकवावे.

तिसरी पायरी दाराची. दाराच्या रबराला तेलकट हात, दुधाचे ओघळ, पिठाची बोटे लागतात आणि रबर चिकट व कडक होते. एक कागद दारात अर्धा आत, अर्धा बाहेर धरून दार लावावे आणि कागद ओढावा. सहज निघाला तर तेथून हवा आत जाते. चारही बाजूंनी असे करून पाहावे. कोमट पाण्यात थोडा साबण घालून रबर पुसले, सुरकुत्यांतील मळ काढला, की पुष्कळदा तेवढ्यानेच दार घट्ट बसते. फाटले असेल तर रबर बदलून मिळते. त्यासाठी नवे कपाट घ्यावे लागत नाही. कपाटाचे पुढचे पाय किंचित उंच असावेत, म्हणजे दार आपल्या भाराने मिटते. आणि सर्वांत मोठा दोष आपल्याच हातांचा असतो. दार उघडून "आज काय करावे बरे?" असा विचार करीत उभे राहू नये. विचार ओट्यापाशी करावा.

चौथी पायरी हवेची आणि हिमाची. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागे चार बोटे तरी जागा असावी. वर आणि बाजूला पिशव्या, वर्तमानपत्रे कोंबू नयेत. आपल्या चिंचोटीला महामार्गाची धूळ चुकत नाही. ज्यांच्या घराच्या खिडक्या अहमदाबाद रस्त्याकडे किंवा भिवंडीच्या फाट्याकडे आहेत, त्यांच्या कपाटाच्या मागील जाळीवर वर्षभरात धुळीची गोधडीच तयार होते. खटका बंद करून, पिन काढून, कोरड्या मऊ कुंचल्याने ती झाडावी. दिवाळीच्या सफाईत एकदा आणि होळीनंतर एकदा केले तरी पुरे.

फ्रीझरमधील हिमाचेही तसेच. दिसते थंडगार, पण ते थंडीच्या वाटेत गोधडीसारखे आडवे येते. साध्या कपाटात बोटाच्या पेराएवढा थर झाला की हिम वितळवावे. आपोआप हिम काढणाऱ्या दोन दारांच्या कपाटात पंखा थंड हवा फिरवितो. तेथे मागच्या भिंतीवर हवेची भोके असतात. त्यांच्यापुढे मटारच्या पिशव्या रचल्या तर थंडी फिरणार कशी? अशा कपाटात फ्रीझर गार आणि खालचा भाग मात्र कोमट झाला, तर पडद्यामागे हिम दाटल्याची शंका घ्यावी. सामान काढून, पिन काढून, दोन्ही दारे उघडी ठेवून एक दिवसभर कपाट सुकू द्यावे. त्यानंतर काही दिवस ठीक चालून पुन्हा तेच झाले, तर हिम वितळविणारा भाग बिघडला आहे. ते काम आपले नव्हे, कारागिराचे.

आता सुरीचे सांगते. बर्फाचा ट्रे तळाला चिकटला, घाई होती, म्हणून आपल्याच एका भगिनीने सुरीचे टोक खाली घालून उचकटले. 'फुस्स' असा आवाज झाला. साध्या कपाटात फ्रीझरच्या पत्र्यातच वायूच्या नळ्या असतात आणि तो पत्रा पातळ असतो. वायू निघून गेला, कपाट बंद पडले, आणि दुरुस्तीत त्या भगिनीची भिशीची सबंध रक्कम गेली. पैशांपेक्षाही मोठी गोष्ट अशी की हल्लीच्या पुष्कळ शीतकपाटांत आर-६००ए नावाचा वायू असतो, आणि तो पेट घेणारा आहे. पूर्वी फ्रिऑन वापरीत, तो जळत नसे. पण त्याने आकाशातील ओझोनच्या थराची हानी होते म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला. नवा वायू कपाटात थोडासाच असतो, तरी असा आवाज आला तर गॅसची शेगडी, देवघरातील निरांजन विझवावे, खिडक्या उघडाव्यात, त्या खोलीतले खटके चालू-बंद करू नयेत, मुलांना बाहेर न्यावे.

ट्रे चिकटतो का? आपण तो नळाखाली भरतो आणि ओलाच ठेवतो. बुडाचे पाणी गोठते आणि तेच डिंकासारखे धरते. ट्रेचे बूड फडक्याने कोरडे पुसून ठेवावे, इतकेच काम. तरी चिकटलाच तर कोमट पाण्यात पिळलेले फडके कडेने धरावे, दोन मिनिटांत सुटतो. वड्या निघत नसतील तर ट्रे पालथा करून त्यावर साध्या पाण्याची धार धरावी. आपटू नये.

पाचवी पायरी पाण्याची. ट्रे काठोकाठ भरू नये. पाणी गोठताना फुगते. गरम पाणी ठेवू नये, उकळलेले पाणी निवल्यावर ठेवावे. एकाच वेळी चार ट्रे आणि शेजारी डाळीचा गरम टोप ठेवून बर्फाची वाट पाहू नये. साध्या कपाटात ट्रे तळाच्या पत्र्याला सपाट टेकलेला असावा. बर्फ पांढुरका होतो म्हणून घाबरू नये, त्यात पाण्यातील हवा अडकलेली असते. पण वडी वितळल्यावर पेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी राहत असेल तर ते पाण्यातील क्षार. बोअरिंगच्या पाण्याला हे पुष्कळदा होते. गाळणयंत्रातले पाणी वापरावे. बर्फाला सुकटाचा वास येत असेल तर दोष बर्फाचा नव्हे. सुकट, बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि ट्रेवरही झाकण असावे.

आता ज्यांच्या घरी आपोआप बर्फ करणारे यंत्र असलेले मोठे कपाट आले आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. अशी कपाटे आपल्याकडेही नव्या इमारतींत दिसू लागली आहेत. या यंत्रात विशेष गूढ नाही. एक झडप उघडते, साच्यात पाणी पडते, ते गोठल्याचे यंत्राला कळले की वड्या खालच्या डब्यात पडतात, आणि डबा भरला की एक दांडी वर उचलली जाऊन काम थांबते. बर्फ येईना तर आधी ही दांडी पाहावी. ती वर अडकलेली असेल, किंवा एखादी वडी तिच्याखाली आली असेल, तर यंत्र समजते की डबा भरला आहे. काहींना दांडीऐवजी खटका असतो. तो चालू आहे का ते पाहावे. पाण्याची टाकी आत असलेल्या यंत्रात टाकी नीट आत बसली आहे का ते पाहावे. नवे यंत्र लावल्यावर पहिला बर्फ यावयास एक दिवसही लागतो, आणि पहिल्या एकदोन खेपांचा बर्फ टाकून द्यावा.

वड्या लहान, पोकळ किंवा अर्ध्या येत असतील तर पाणी कमी येते. गाळणी तुंबली असेल. ती बहुधा सहा महिन्यांनी बदलावयाची असते. नळी मागे कपाटाखाली दबून चिमटली असेल. हेही नसेल तर पाण्याचा दाब पाहावा. आपल्याकडे पाणी गच्चीवरील टाकीतून येते. टाकी १० मीटर उंच असेल तर दाब सुमारे एक बार मिळतो. बैठ्या घरावर तीन मीटर उंच टाकी असेल तर एक बारच्या तिसऱ्या भागाहूनही थोडा कमी दाब मिळतो. नळ जोडावयाच्या पुष्कळ यंत्रांना दीड बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब लागतो. मग यंत्र कितीही किमती असो, ते तहानलेलेच राहणार. अशा घरी यंत्रात दोष नसतो. पाण्याला जोर देणारा छोटा पंप तरी लावावा, नाहीतर हाताने भरावयाच्या टाकीचे कपाट घ्यावे. हे कपाट विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारावयाचे आहे, घरी आणल्यावर नव्हे.

वड्या एकमेकींना चिकटून ढेकूळ झाले तर तो बर्फ जुना झाला आहे किंवा दारातून दमट हवा आत जाते. डबा रिकामा करून कोरडा पुसावा. साच्यात पाणी सोडणारी नळी तोंडाशी गोठली असेल तर कपाट बंद करून कोमट फडक्याने शेकावी. तारेने टोचू नये.

इतके सर्व पाहूनही बर्फ होईना, तर कारागिराला बोलवावे. काही बाबतींत मात्र वाट न पाहता लगेच बोलवावे: कपाटाला हात लावला असता झिणझिण्या येतात, जळका वास येतो, कॉम्प्रेसर एकसारखा चालतो पण थंडी नाही, किंवा फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात हिम धरते आणि बाकीचा भाग कोरडा राहतो. झिणझिण्या येत असतील तर ओल्या हाताने कपाटाला शिवू नये, मुख्य खटका बंद करावा.

कारागीर आला की आपण काय पाहिले ते त्याला क्रमाने सांगावे. आणि एक गोष्ट सर्वांनी पदराला गाठ मारून ठेवावी: शीतकपाटातील वायू स्कूटरच्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. नळ्या बंद असतात, तोच वायू वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. "गॅस संपला, भरून देतो," असे कोणी म्हणाले तर शांतपणे विचारावे, "गळती कोठे आहे? ती आधी बुजवाल ना?" गळती न बुजविता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. नव्या जळणाऱ्या वायूचे काम तर शिकलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

बर्फ झाला, म्हणजे सर्व झाले असे नाही. थंडीने जंतू मरतात असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. गोठल्याने पुष्कळ जंतू नुसते निजतात, आणि पेल्यात वडी वितळली की जागे होतात. जे पाणी आपण मुलाला पिण्यास देणार नाही, त्याचा बर्फही देऊ नये. नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा येथील आपल्या कोळी भगिनींना मासळीसाठी लाद्यांचा बर्फ लागतो, आणि तो त्या कामाला योग्यच आहे. पण तो पिण्याचा नव्हे. दोन्ही प्रकारच्या बर्फांची गल्लत होऊ नये म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात खाण्याच्या नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम करण्यात आला. मुलांना हे समजावून सांगावे. धबधब्याच्या दिवसांत रस्त्यावर गोळ्याच्या गाड्या लागतात, तेव्हा बर्फ कोठला, असे विचारण्यात कमीपणा नाही.

भगिनींनो, मुंबई बंदरात अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ १८३४ च्या सुमारास जहाजांतून येऊ लागला, तेव्हा तो मोठ्या शेठ-सावकारांच्या मेजवानीचा पदार्थ होता. हजारो मैल लाकडाच्या भुशात गुंडाळून आलेली ती चीज! पुढे बर्फाचे कारखाने निघाले आणि लग्नकार्यात गोणपाटात गुंडाळलेली लादी दारात येऊ लागली. १९५८ साली गोदरेजने देशी शीतकपाट काढले, आणि हळूहळू ते आपल्यासारख्यांच्या स्वयंपाकघरात आले. जी वस्तू पूर्वी सात समुद्र ओलांडून येत असे, ती आज आपण नळाखाली ट्रे धरून करतो. ज्या वस्तूवर घरातल्या म्हातारीचे औषध अवलंबून आहे, तापलेल्या लेकराच्या कपाळावरची घडी अवलंबून आहे, तिची थोडी ओळख आपणास असावयासच हवी. यंत्र दुरुस्त करणे आपणा सर्वांना जमणार नाही. पण काय बिघडले नाही, हे ओळखणे नक्की जमेल, आणि निम्मा खर्च तेथेच वाचतो.

एक विनंती करते आणि थांबते. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने तीन गोष्टी कराव्यात. नॉब कोणत्या आकड्यावर आहे ते पाहावे, ट्रेचे बूड कोरडे पुसावे, आणि फ्रीझरमध्ये नाण्याची वाटी ठेवावी. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी चौथी गोष्ट करावी: कुपी मागच्या भिंतीपासून पुढे घ्यावी. ही चौथी गोष्ट मला त्या उन्हाळ्यात कोणी सांगितली असती तर फार बरे झाले असते.

सभेनंतर सरबत आहे. त्यातला बर्फ आपल्याच तीन भगिनींच्या घरून आला आहे, पाणी उकळून निववलेले आहे, आणि ट्रे काढताना कोणीही सुरी वापरलेली नाही, हे मी स्वतः विचारून घेतले आहे.